फिल्टर उकळायचा नसतो

१२ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. शिवाय आपला मागचा फोन कसा संपला ते दोघींच्याही लक्षात आहे, म्हणून हा मार्ग बरा.

मुद्द्यावर येते. तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, जानेवारीत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला गेली. जाताना बैठकीच्या खोलीत तीन फुटांची माशांची टाकी माझ्या गळ्यात घालून गेली. बारा निऑन, तळाशी मिशा हलवत फिरणारे पाच कोरी, आणि तो एक मोती गुरामी, ज्याला ती 'आजोबा' म्हणते. मासे गुणी आहेत, तक्रार नाही. पण महिनाभरात काच अशी हिरवीगार झाली की आत मासे आहेत की पालेभाजी ते कळेना. सूनबाईला विचारावं तर फोन लागत नाही. चिरंजीव म्हणतात, तिकडे रेंज नसते.

चिरंजीव असंही म्हणतात की टाकी स्वच्छ झाली नाही तर एप्रिलअखेर ती भंगारात जाईल आणि त्या कोपऱ्यात जागच्या जागी चालायचं यंत्र येईल. मी सांगितलं, सून परत येईपर्यंत टाकी इथून हलणार नाही. तो म्हणाला, बघू. त्याच्या वडिलांचं 'बघू' मी पस्तीस वर्षं ऐकलं आहे, त्यामुळे अर्थ समजला.

विहीणबाई, मी ऑपरेशन थिएटरात एकतीस वर्षं काढली. मोठमोठे सर्जन मला विचारल्याशिवाय कात्रीला हात लावत नसत. मी काय शेवाळापुढे हार मानणार? सगळी टाकी रिकामी केली. खडे, लाकडाचा तुकडा आणि फिल्टरचा स्पंज मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं उकळून काढले. नवं पाणी भरलं. दोन दिवस टाकी आरशासारखी होती. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि चार निऑन गेले. का गेले ते कळत नाही. एवढी स्वच्छता त्यांनी जन्मात पाहिली नसेल.

मग बाजारातून एक 'सफाईवाला' मासा आणला. दुकानदार म्हणाला, "आजी, हा सोडा आणि निवांत बसा." आजी म्हणाला ते मी सोडून दिलं. पण एकावर भागेल असं दिसत नाही. तर शेवाळ खाणारा, वाढून डोईजड न होणारा आणि बाकीच्यांशी न भांडणारा मासा कोणता, एवढंच कळवा. तुमचा जन्म शोभेच्या माशांच्या धंद्यात गेला आहे.

आपली विहीण,
सिस्टर


१९ फेब्रुवारी

सिस्टरबाईंस नमस्कार.

तुमचं पत्र मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचलं आणि 'उकळून काढले' या शब्दाशी आल्यावर उठून उभी राहिले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, कोणीतरी गेलं.

अहो, फिल्टर उकळायचा नसतो. त्या स्पंजात चांगले जंतू असतात. माशांची घाण तेच पचवतात. ते बसायला महिना लागतो आणि तुम्ही त्यांना वीस मिनिटांत संपवलंत. मग माशांची घाण माशांनाच भोवली. थिएटरात तुम्ही राणी असाल, पण टाकी म्हणजे थिएटर नाही. टाकीत जंतू हवेत. हे वाक्य कागदावर लिहून काचेला चिकटवा.

आता त्या सफाईवाल्याकडे बघा. अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते, की शेपटीआधीच थांबते? तोंड चोखणीसारखं काचेला चिकटतं का? पट्टी थांबत असेल आणि तोंड चिकटत असेल, तर त्याला धंद्यात चायनीज म्हणतात. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगावरचं बुळबुळीत चोखतो. पहिला बळी आजोबा, कारण तो संथ आणि चपटा. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. आजच्या आज काढा. आणि कोणी सकर नावाचा मासा देऊ केला तर घेऊ नका. आज बोटाएवढा दिसतो, दोन वर्षांत हातभर होतो. नाकापेक्षा मोती जड.

मुळात मासे म्हणजे घरकामाला ठेवलेली बाई नव्हे. आधी खिडकीचा पडदा ओढा, दिवा सहा तासच लावा, खाणं निम्मं करा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उभं ठेवूनच घाला. तीन आठवडे नवा मासा नको. आजोबाची काळजी करू नका, तो वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो. निऑनना ती सोय नाही. पाणी तपासायच्या पट्ट्या बैठकीतल्या कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात आहेत. कप्पा जरा उचलून ओढा, उजवीकडची रेल निखळली आहे.

लेकीचं ट्रेनिंग बरं चाललंय म्हणे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची विहीण


३ मार्च

विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार.

आधी रुग्णांचा अहवाल. पट्टी शेपटीआधीच थांबते, तोंड चोखणीसारखं. तुमचं पत्र आलं त्या सकाळीच तो आजोबाच्या कुशीला चिकटलेला होता. जाळीने पकडला, पिशवीत घातला आणि दुकानात नेऊन ठेवला. दुकानदार म्हणाला, विकलेला मासा परत घेत नाही. मी म्हटलं, मग मी इथेच खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला याची पट्टी दाखवते. तिसरं गिऱ्हाईक गेलं तेव्हा त्याने मासा घेतला. 'आजी' म्हणायचंही बंद झालं. आता 'मॅडम' म्हणतो.

आजोबाच्या अंगावर नाण्याएवढा चट्टा आहे, पण भरून येतोय. बाकी सगळं तुम्ही सांगितलं तसं. तुमचं वाक्य काचेला चिकटवलंय. रोज वाचते आणि रोज अंगावर काटा येतो.

आता दुसरी गोष्ट. कप्पा.

तो कप्पा सूनबाई निघाली त्या दुपारी मोडला. मी डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. आले तेव्हा सून निघून गेलेली, कप्पा मोडलेला, आणि चिरंजीव म्हणाले, घाईत ओढला गेला. तुम्ही या घरात लग्नानंतर पाऊल ठेवलेलं नाही. म्हणजे रेल कुठल्या बाजूची निखळली हे तुम्हाला तिनेच सांगितलं, आणि रेंज नसलेल्या ट्रेनिंगमधून कोणी कप्प्यांच्या गप्पा मारत नाही. ती तुमच्याकडे आहे.

सहा महिन्यांची मुदत, फोन बंद, माहेरी गुपचूप राहणं. ही लक्षणं मी ओळखते. तिला काही झालंय का? गाठ वगैरे? ऑपरेशन ठरलंय का, कोण करणार आहे? मला रिपोर्ट पाठवा. सगळे सर्जन सारखे नसतात आणि कोणाचा हात कसा आहे ते मला माहीत आहे. सोबत लोहाच्या गोळ्या पाठवते, जेवणानंतर एक. सासू म्हणून नका सांगू, पण नर्स म्हणून सांगा.

आपली,
सिस्टर


११ मार्च

सिस्टरबाई,

गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं तर ती आधी हसली, मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

रिपोर्ट हवा ना? हा घ्या. सकाळी सातला डोक्यावर हेल्मेट, पायात तिच्या मापाचे नसलेले जड बूट, आणि नदीवर. इथल्या नव्या पुलाचं सगळं काम तिच्या हाती दिलंय. चाळीस माणसं तिच्या सांगण्यावरून काँक्रीट ओततात. ट्रेनिंगबिनिंग काही नाही. दोन वर्षांचं काम आहे आणि तिने ते मागून घेतलंय. तुमचे चिरंजीव म्हणाले, जायचं तर जा, पण मग परत येऊ नकोस. ती गेली. कप्पा तिने नाही मोडला, एवढं सांगते. टाकी तिला बरोबर न्यायची होती, पण त्या दुपारी एका बॅगेपलीकडे काही उचलायची ताकद तिच्यात नव्हती.

तुम्हाला सांगू नको म्हणून तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, "कितीही झालं तरी त्या त्याच्या आई आहेत. आपला तो बाब्या असतो." मीही तेच समजत होते. राग मानू नका. लग्नात आंघोळीचं पाणी गार मिळालं म्हणून तुम्ही दोन तास बोलला नव्हतात, ते मी अजून विसरलेले नाही.

आता सगळं कळलंच आहे तर टाकी कोणाला तरी देऊन टाका. ज्या घरात माणूसच परत यायचं नाही, तिथे काच कशाला घासायची? तुम्ही मुलाशी भांडण घेऊ नका. तुम्हाला त्याच्याच घरात राहायचंय.

तरी धंद्याचं इमान म्हणून सहा ऑटो उद्याच्या बसने ड्रायव्हरच्या हवाली करते. नखाएवढ्या तोंडाचे, करंगळीएवढे मासे. दिवसभर काच चाटतात, कोणाच्या वाटेला जात नाहीत. एकटा ठेवला तर झुरतो, म्हणून सहा. माझ्याकडे पंधरा दिवस वेगळ्या काचेत होते. नवा मासा कितीही गरीब दिसला तरी थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही, रोग आणतो का, त्रास देतो का ते आधी बघायचं, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. ज्याला कोणाला टाकी द्याल त्याला हेही द्या. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून मगच सोडा. शेवाळ संपत आलं तर काकडीची चकती उकडून घाला.

हो, उकडायची ती काकडी.

तुमची विहीण


१४ एप्रिल

विहीणबाई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडायची वाट बघत होते.

तुमचं पत्र वाचून त्याच दिवशी मी मुलाला समोर बसवलं. विचारलं, तू तिला परत येऊ नकोस म्हणालास? तो म्हणाला, रागात म्हणालो. मी म्हटलं, उतरलाय का राग? म्हणाला, उतरलाय. मग फोन कर, म्हटलं. तो म्हणाला, "आधी तिने करावा. आणि तू मध्ये पडू नकोस." चूक कळते, पण मान वाकत नाही. मी तीन आठवडे रोज सकाळी त्याच्या डब्याशेजारी त्याचा फोन ठेवला. डबा उचलायचा, मग नुसताच फोन खिशात टाकायचा.

तुम्हाला एक सांगते, जे सूनबाईलाही कधी सांगितलं नाही. मी चाळिशीत असताना मला दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात मेट्रनची जागा मिळत होती. आमचे हे म्हणाले, "जा की. घर कोण बघणार तेवढं सांगून जा." मी गेले नाही. माझ्या हाताखाली सुई धरायला शिकलेली मुलगी त्या खुर्चीत बसली आणि चांगली बसली. मी पुढची सगळी वर्षं हाताला येईल ते उकळत राहिले. लोक म्हणायचे, सिस्टर फार काटेकोर. काटेकोर कसली, मी चिडलेली होते. अजून आहे.

म्हणून टाकी मी कोणाला दिली नाही. तुमचे सहाही ऑटो सुखरूप आले. पहिला दिवस लाकडामागे लपून होते, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही काचेवर ओळीने चिकटलेले, थिएटरातल्या शिकाऊ मुलींसारखे, मान खाली घालून कामात. त्यांच्या मागे काचेवर स्वच्छ वाटा उमटत जायच्या. पंधरा दिवसांत आरपार दिसायला लागलं. चिरंजीवांना बोलावून दाखवलं. म्हटलं, स्वच्छ हवी होती ना? ही बघ, एप्रिलअखेर उजाडायच्या आधी. तो मान हलवून आत गेला. मला वाटलं, आपण जिंकलो.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन दिवस तिच्याजवळ राहिले. परत आले तर फिल्टरचा प्लग काढून वायर नीट गुंडाळून टाकीवर ठेवलेली. म्हणे घरघर होत होती. तीन निऑन आणि दोन ऑटो गेले होते. बाकीचे तळाशी भराभर कल्ले हलवत होते. आजोबा तेवढा वर येऊन श्वास घेत होता, तुम्ही लिहिलं होतं तसा.

विहीणबाई, वायर गुंडाळलेली बघून मला जे वाटलं ते शब्दांत येत नाही. रागात उपटून फेकली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ती नीट गुंडाळलेली होती. माझ्याच हातची शिस्त ती.

मी टाकी घेऊन येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. पोचवून परत जाईन.

सिस्टर


१९ एप्रिल

सिस्टरबाई,

टाकी हलवणं पोरखेळ नाही, म्हणून नीट वाचा. आदल्या दिवशी माशांना खाणं नको. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा. दोन निऑन किंवा दोन कोरी एका पिशवीत चालतील, आजोबा एकटा. ऑटोंना खूप हवा ठेवा. पिशव्या जुन्या थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात. टाकीचं निम्मं पाणी डब्यात भरून आणा. स्पंज त्याच पाण्यात बुडवून आणा, सुकू द्यायचा नाही. टाकी रिकामी करून खाली जाड चादर. टेम्पोवाल्याला माझ्या दुकानाचं नाव सांगा, आमचा माल तोच आणतो.

आणि पोचवून परत कशाला जाता?

हे मी तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं, आता असंच पाठवते. दुकानामागे दोन खोल्या आहेत, वर माळा आहे. सकाळी लेक नदीवर जाते, मी दुकानात, घर दिवसभर रिकामं. मला बहिरीला एखादी ओरडणारी बाई हवी आहे. तुम्हाला ओरडता येत नाही म्हणता, पण शिकाल. लोक म्हणतील, मुलाची आई विहिणीच्या दारात जाऊन राहिली, असं कुठे ऐकलं नव्हतं. आता ऐकतील. आपल्या दोघींचं पटणार नाही हे मला माहीत आहे. न पटणारे मासेही जागा मोठी असली आणि लपायला एखादं लाकूड असलं की नांदतात. तुम्ही माळा घ्या.

एकच अट. माझ्या दुकानातल्या कुठल्याही वस्तूखाली गॅस पेटवायचा नाही.

तुमची विहीण

(खाली वेगळ्या अक्षरात)

आई, टाकी एकट्यांनी उचलू नका, तुमची पाठ. गोळ्या संपल्या, येताना आणा. मी रविवारी सुट्टी घेतली आहे. तुम्हाला पूल दाखवायचाय. आणि मी तुमच्याबद्दल चुकीचं बोलले.


२७ एप्रिल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला कोपऱ्यातल्या स्टुलावर मिळेल. ड्यूटीची पाळी संपवून जाताना पुढच्या माणसाला सगळं लिहून द्यायची मला सवय आहे, म्हणून लिहिते.

दूधवाल्याला सांगितलंय, उद्यापासून अर्धा लिटर. गॅसची नळी बदलली आहे. तुझ्या पित्ताच्या गोळ्या पहिल्या कप्प्यात. तिसऱ्या कप्प्याची रेल काल सुताराकडून बसवून घेतली, आता ओढताना उचलावा लागत नाही. तो मोडला त्या दुपारी इथे काय झालं ते मी विचारत नाही. तुझं तुला माहीत आहे.

तुला कोपरा रिकामा करून हवा होता, करून दिला. जंतुनाशकाने तीन वेळा पुसला आहे. तिथे आता एकही जंतू नाही, शेवाळ नाही, घरघर नाही. तुझं यंत्र खुशाल ठेव. फिल्टरची वायर मी नीट गुंडाळून बरोबर नेली आहे.

तू विचारशील, तू आई कोणाची? तुझीच. म्हणून तर हे लिहिते आहे. मला एकदा कोणीतरी म्हणालं होतं, जा की, घर कोण बघणार तेवढं सांगून जा. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचलं आहे. ज्याचं घर आहे तो बघेल.

सून परत येणार का, हे मी तिला विचारणार नाही आणि तुझ्या वतीने रदबदलीही करणार नाही. फोन तुझा, बोट तुझं. तुला यायचं असेल तर ये. पण येशील तेव्हा एक लक्षात ठेव. विहीणबाईंच्या दुकानात नवा मासा कितीही गरीब दिसला तरी थेट मोठ्या टाकीत सोडत नाहीत. आधी पंधरा दिवस वेगळ्या काचेत ठेवतात, कोणाला त्रास देतो का ते बघतात. माळा मी घेतला आहे. तुझी गादी दुकानात घालू.

तुझी आई